एका ओळीचं उत्तर

नौपाड्यात आमचा क्लास आहे, बीएस्सी आणि इंजिनीअरिंगची मुलं येतात, प्रिलिमचे पेपर आम्हीच काढतो आणि आम्हीच तपासतो. तपासणं म्हणजे काय तर दहाव्या पेपरानंतर कोणी उत्तर वाचत नाही, मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) दिसतोय का आणि खाली रँक (त्यातल्या खऱ्या वेगळ्या ओळी किती) लिहिलीय का एवढंच डोळे शोधतात. कोणी कबूल करणार नाही, पण सगळे असंच करतात.

लिनिअर अल्जेब्राचा प्रश्न माझा होता. तीन पॉलिनॉमिअल (बहुपदी; एक्सला क्ष लिहितोय): क्ष² − ३क्ष + २, क्ष³ − ३क्ष² + २क्ष आणि क्ष³ − २क्ष² − क्ष + २. यांच्या स्पॅनमध्ये, म्हणजे यांना आकड्यांनी गुणून बेरीज केली की जे जे बनतं त्यात, (अ) क्ष³ + क्ष + १ आहे का, (ब) क्ष³ − क्ष आहे का. दोन्हीचं उत्तर नाही. पहिल्या दोघांची बेरीज म्हणजेच तिसरा, दिसायला तीन पण खरे दोनच, हा खड्डा मी मुद्दाम खणलेला. अपेक्षा अशी की तीन स्केलर (म्हणजे गुणायचे आकडे) घ्या, कोइफिशंट जुळवा, चार समीकरणं येतात, ती मॅट्रिक्समध्ये मांडून रो रिडक्शन करा, म्हणजे ओळी एकमेकींतून वजा करत शून्यं आणा, एका ओळीत डावीकडे सगळे शून्य आणि उजवीकडे आकडा उरला की खेळ खलास.

एका मुलीने (अ) ला एकच ओळ लिहिली होती. क्ष = १ ठेवलं की तिन्ही शून्य, मग त्यांचं कुठलंही कॉम्बिनेशन शून्यच, पण क्ष³ + क्ष + १ चा ३ येतो, म्हणून नाही. आमच्या दुसऱ्या सरांनी 'मेथड नाही' लिहून भोपळा दिला. अहो मेथड नाही काय, अख्खं प्रूफ आहे ते!

(ब) ला मात्र तिने लिहिलं, १ ला शून्य येतं म्हणून आहे. मला वाटलं, स्पॅनमध्ये असेल तर शून्य येतं, याचं उलटं धरलं पोरीने.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन आली, दिव्याहून येते, गर्दीत लोकल सुटली म्हणून उशिराच. म्हणाली, "सर, घात ३ पर्यंतच्यांची डायमेन्शन ४, त्यातल्या १ ला शून्य होणाऱ्यांची ३, आणि तुम्ही दिलेत तीन. मग झालं ना सगळं कव्हर?"

मी गप्प. (डायमेन्शन म्हणजे सगळे बनवायला कमीत कमी किती लागतात तो आकडा.) यातलं एक अक्षर पेपरात नव्हतं. चुकलं काय तर तिन्ही इंडिपेंडंट आहेत का, म्हणजे एखादा बाकीच्यांपासूनच बनत नाही ना, एवढंच बघितलं नव्हतं. म्हटलं पहिल्या दोघांची बेरीज करून बघ. केली, जरा वेळ पेन चावत बसली, मग म्हणते, "सर, २ ठेवलं तरी तिन्ही शून्यच येतात की. आणि क्ष³ − क्ष ला ६."

आता माझी गोष्ट सांगतो. पहिला लिहिला, क्षने गुणून दुसरा, बेरजेने तिसरा, असा मी प्रश्न बनवलेला, आणि पहिल्याचे फॅक्टर, (क्ष − १)(क्ष − २), जे दहावीतलं पोरगं पाडेल ते मी पाडलेच नव्हते. १ आणि २ दोन्हीला शून्य होणाऱ्यांची डायमेन्शन २, माझे खरेही दोनच, म्हणजे नुसते दोन आकडे ठेवून हो की नाही, दोन्ही ठरतं. मॅट्रिक्स लागतच नाही.

तरी तिला सांगितलं, फायनलला मॅट्रिक्सच मांड बाई, तपासणारा कसा भेटेल काय नेम. सांगताना लाज वाटली.

(अ) चे ३ पैकी ३ केलेत, सर अजून नीट बोलत नाहीयेत. (ब) ला पेन्सिलने १ लिहून ठेवलाय, दोनदा खोडून झालाय.