आमची वाटचाल: टेलिफोन बोर्डापासून पतसंस्थेच्या संगणकापर्यंत

सांगलीतील आमच्या केंद्राचा पहिला वर्ग एका भाड्याच्या गाळ्यात भरला. माझे भागीदार जन्मांध होते आणि त्यांची उमेदीची वर्षे एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर गेली होती. म्हणून आम्ही अंध तरुणांना बोर्ड चालवणे, ब्रेल आणि काठीने चालणे शिकवू लागलो. काठी उभी धरली की ती छातीच्या हाडापर्यंत यावी, यासाठी ते प्रत्येकाची उंची स्वतः मोजत. एकाच मापाच्या काठ्या सरसकट वाटणाऱ्यांचा त्यांना शेवटपर्यंत राग होता आणि तो मलाही आहे.

पुढे कार्यालयांत फोन आपोआप जोडणारी यंत्रे आली आणि ऑपरेटरच्या जागा भरणे थांबले. वर्गात तीनच विद्यार्थी उरले, भाडे थकले आणि ते भागीदारांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीतून भरले. त्याच सुमारास एका मोठ्या संस्थेने आमचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम जवळजवळ शब्दशः उचलला, पंधरा दिवसांत उरकला आणि आम्ही ज्यांच्या दारी वर्षभर खेपा घातल्या होत्या, त्या देणगीदारांचा निधी मिळवला. तिथले प्रमाणपत्र घेऊन आमच्याकडे आलेल्या एका मुलाला गॅस पेटवता येत नव्हता. भांडे आधी थंड बर्नरवर मधोमध ठेवायचे आणि मगच गॅस पेटवायचा, एवढेही त्याला कोणी सांगितले नव्हते.

आम्हाला तारले ते ऑस्ट्रेलियातील मायकल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरने, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीने, कारण जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. तरीही आमची मुले कामावर घेणारे पहिले गृहस्थ, एका पतसंस्थेचे व्यवस्थापक, नसते तर हे संगणकाचे शिक्षण वर्गातच राहिले असते. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘ठराव’ दिसला तरी आत भलतीच चिन्हे असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो, हे कळल्यावर त्यांनी सगळे दप्तर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, करून घेतले. आमचे सहा विद्यार्थी तिथे लागले.

पालकांनी मुलाला चहा ओतून देऊ नये. कपाच्या कडेवर बोट ठेवून तो आधी थंड पाणी ओतायला शिकेल. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी एक टक्का जागा राखल्या आहेत, पण त्या जागांच्या जाहिराती आमच्याकडे अजूनही स्कॅन केलेल्या, स्क्रीन रीडरला न वाचता येणाऱ्या चित्राच्या रूपात येतात, आणि त्या वाचून दाखवायला मला दर वेळी डोळस माणूस बसवावा लागतो.