माऊस कपाटात, आठवडा सातवा: आल्ट-शिफ्टशी केलेला तह

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा तिसरा आठवडा चालू होता आणि मी जरा जास्तच फुशारक्या मारल्या होत्या, की आता माऊस भंगारात द्यायला हरकत नाही वगैरे. तर आधी कबुली देऊन टाकते, चौथ्या आठवड्यात दोन दिवस माऊस बाहेर काढला. रिटर्न भरायची गडबड, साहेब डोक्यावर उभे, आणि अशा वेळी शिकलेलं सगळं बोटं विसरतात हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी परत कपाटात टाकला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ऑफिसात हिशेबाचं काम, म्हणजे दिवसभर एक्सेल, आणि संध्याकाळी घरी आजोबांच्या जुन्या शेतीच्या वह्या टाईप करून ठेवते, त्या मराठीत, इनस्क्रिप्टवर, म्हणजे कीबोर्डच्या देवनागरी मांडणीवर. उजवं मनगट कुरकुरायला लागलं म्हणून माऊस सोडून नुसत्या कीबोर्डवर काम करायचा हा उद्योग सुरू केला, आता मनगटापेक्षा नादच जास्त झालाय. नियम एकच, माऊसला किंवा लॅपटॉपच्या टचपॅडला हात लागला की जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक काडी. पहिल्या दिवशी ६३ काड्या होत्या. या आठवड्यात रोजच्या सात-आठ, आणि त्यातल्या निम्म्या एकाच वेबसाईटच्या नावावर, तिच्याबद्दल पुढे बोलते.

सुरुवातीची माझी चूक सगळ्यांचीच असते बहुतेक. शंभर शॉर्टकटची यादी प्रिंट काढून मॉनिटरखाली चिकटवली. आठ दिवसांत त्यातले चार लक्षात राहिले आणि त्यातले तीन आधीपासून येत होते. मग यादी काढून टाकली आणि उलटं सुरू केलं, काडी मारताना शेजारी लिहायचं की हात कशासाठी उठला. दोन दिवसांत चित्र स्पष्ट, निम्म्याहून जास्त वेळा हात उठतो तो एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायला. आल्ट-टॅब येत होतं की मला, पण दहा-बारा खिडक्या उघड्या असल्या की आल्ट-टॅब म्हणजे एसटी स्टँडवर आपली गाडी शोधण्यासारखं, तीन वेळा दाबा, पुढे जा, मग शिफ्ट धरून मागे या. त्यावर उतारा विंडोज की आणि आकडा. टास्कबारवर, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर, पहिला एक्सेल पिन केला, दुसरा वर्ड, तिसरा ब्राउझर. विंडोज-१ म्हणजे एक्सेल, विंडोज-२ म्हणजे वर्ड, डोकं लावायचं कामच नाही. एक्सेलच्या तीन फाईल उघड्या असतील तर विंडोज की धरून १ परत परत दाबायचा, एकेक फाईल पुढे येते. या एका गोष्टीने काड्या ६३ वरून चाळिशीत आल्या, बाकी सगळं नंतर.

क्लिपबोर्डचं, म्हणजे आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी दाखवणारं विंडोज-व्ही तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, २०१८ च्या विंडोज १० अपडेटमध्ये आलं, तरी आमच्या ऑफिसात परवापर्यंत कुणाला पत्ता नव्हता. पहिल्यांदा दाबलं की चालू करू का विचारतं, हो म्हणायचं, मग शेवटच्या २५ गोष्टी तिथे सापडतात. मशीन रीस्टार्ट केलं की पिन केलेल्या सोडून बाकी जातात. पासवर्ड कॉपी केला असेल तर तोही त्या यादीत दिमाखात बसलेला असतो हे मात्र लक्षात ठेवा, मला शेजारच्या टेबलवरच्या काकांनी दाखवलं तेव्हा कळलं आणि कान गरम झाले.

हे काका म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, नवीन काही आलं की नाक मुरडतात, पण बोटं अशी चालतात की बघत राहावं. फॉर्म्युला उडवून नुसतं आलेलं उत्तर पेस्ट करायचं असलं की ते आल्ट, ई, एस, व्ही, एंटर असं एका दमात वाजवतात, टकटकटकटक-टक. ही एक्सेल २००३ च्या मेनूची वाट. एडिट मेनू, पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज. तो मेनू २००७ ला रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली तेव्हा स्क्रीनवरून गेला, पण ती वाट अजून चालू आहे, घर पाडलं तरी पायवाट राहावी तशी. मी त्यांना म्हटलं काका नव्या एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की तेच होतं. ते म्हणाले, "होत असेल बाई, पण माझ्या बोटांना कोण सांगणार?" हे मला पटलं. त्यांच्याकडून मी दोन उचलले, कंट्रोल आणि अर्धविराम म्हणजे आजची तारीख, आणि आल्टसोबत बरोबरचं चिन्ह म्हणजे वरच्या आकड्यांची खाली बेरीज. एफ४ चं मला आधीपासून येत होतं, फॉर्म्युल्यात सेलचा पत्ता पक्का करणारं डॉलरचं चिन्ह लावायला. पण फॉर्म्युल्याच्या बाहेर तेच बटण मागची कृती परत करतं, म्हणजे एक ओळ पिवळी केली की पुढच्या ओळीवर जाऊन नुसतं एफ४, हे सहाव्या आठवड्यात समजलं आणि इतकी वर्षं वाया गेल्यासारखं वाटलं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसले. मराठी.

वह्या टाईप करताना इनस्क्रिप्ट आणि ऑफिसच्या कामात इंग्रजी, आणि दोन्हींच्या मध्ये भाषा बदलणारं आल्ट-शिफ्ट. ही जी अदलाबदल आहे तिने मला जेवढं छळलंय तेवढं माऊसने कधी छळलं नाही. एक्सेलमध्ये येते, ऐटीत बेरजेचा फॉर्म्युला, =sum, लिहायला घेते, मान वर करून बघते तर सेलमध्ये "ृेहस", तुटक्या ठिपक्यांच्या गोलांसकट. बरोबरच्या चिन्हाच्या जागी ृ, एसच्या जागी ेची मात्रा, यूच्या जागी ह, एमच्या जागी स. पुसा, भाषा बदला, परत लिहा. बरं, चूक लक्षात येईपर्यंत अर्धी ओळ झालेली असते कारण माझी नजर वहीवर असते, स्क्रीनवर नाही. आणि वर आल्ट-शिफ्ट-टॅबने मागच्या खिडकीत जाताना कधी टॅब नीट लागला नाही तर भाषाच बदलते, ती वेगळीच.

कंट्रोल-झेड, एक्स, सी, व्ही (अनडू, कट, कॉपी, पेस्ट) या चौकडीमागे लॅरी टेस्लर हे नाव आहे हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहेच. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात कट-कॉपी-पेस्टची आपल्याला माहीत असलेली पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा, पुढे ते ॲपलमध्ये गेले, २०२० च्या फेब्रुवारीत वारले. पण माणसाचं खरं वेड वेगळंच होतं, त्यांना मोड नको होते. म्हणजे तेच बटण एका वेळी एक काम करतं आणि दुसऱ्या वेळी दुसरं, आणि आत्ता कुठलं करणार हे माणसाने लक्षात ठेवायचं, याला त्यांचा ठाम विरोध. गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा त्यांनी "नो मोड्स" लिहून घेतलं होतं. ते वाचलं त्या रात्री माझी ट्यूब पेटली. आपण मराठी टाईप करणारे लोक दिवसभर मोडमध्येच जगतो की! तेच के बटण आत्ता के आहे का क, हे कीबोर्ड बघून कळत नाही, खाली कोपऱ्यातली बारकी अक्षरं बघावी लागतात आणि ती कोण बघतं? आणि आल्ट-शिफ्ट ही तर नुसती पालटी आहे, आधी कुठे होतो हे माहीत नसेल तर दाबल्यावर कुठे पोचू हेही माहीत नाही.

तर पालटी नको, ठरलेली जागा हवी. विंडोजमध्ये हे करता येतं, फक्त सेटिंग खोल पुरून ठेवलंय. सेटिंग्ज, टाईम अँड लँग्वेज, टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज. ते उघडलं की जुन्या जमान्यातली छोटी चौकट येते, त्यात प्रत्येक भाषेला स्वतःची बटणं देता येतात. मी डावा आल्ट-शिफ्ट-१ इंग्रजीला आणि डावा आल्ट-शिफ्ट-२ मराठीला दिला, आणि जी मूळची आल्ट-शिफ्टची पालटी होती ती काढूनच टाकली. कंट्रोल-शिफ्ट देऊ नका बरं का, कंट्रोल-शिफ्ट-१ एक्सेलला आकड्यांच्या फॉरमॅटसाठी लागतं. आता मी कुठेही असले, काहीही चालू असलं, आल्ट-शिफ्ट-१ दाबलं की इंग्रजी म्हणजे इंग्रजीच. आधीच इंग्रजी असेल तर काही बिघडत नाही. शंका आली की दाबायचं, बघायचं नाही.

त्याच पानावर आणखी एक चौकोन आहे, प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याचा. तो टिक केला की वर्डमध्ये मराठी राहते आणि एक्सेलमध्ये इंग्रजी, विंडोज-१ विंडोज-२ करत राहिलं तरी. या दोन बदलांनंतर "ृेहस" प्रकार आठवड्यात एकदाच झाला, तोही झोपेत होते म्हणून.

इनस्क्रिप्टची प्रगतीही लिहून ठेवते. १९८६ पासूनचं प्रमाण आहे हे, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं, आणि एकदा बसलं की दोन्ही हात आलटून पालटून नाचतात. माझं अडायचं ते ऱ्यावर. आजोबांच्या वहीत दर दोन पानांनी "दुसऱ्या पाळीचं पाणी" येतं, आणि मी साधा र घेऊन पाय मोडून य लिहायची, की झालं "दुसर्या", रफार डोक्यावर चढून बसलेला. त्यासाठी वेगळा ऱ आहे, शिफ्ट-जे. म्हणजे पूर्ण शब्द असा: ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. सात बटणं. पहिल्या दिवशी मी ही सात बटणं पोळ्या लाटताना तोंडाने म्हणत होते आणि मुलीने बाबांना जाऊन सांगितलं की आई काहीतरी मंत्र म्हणतेय. आता दुसऱ्या, तिसऱ्या, शेतकऱ्याला, सगळे आपसूक येतात. आत्याने पूर्वी हातयंत्रावर मराठी टायपिंग तीसची परीक्षा दिलेली, ती बघून म्हणाली आमच्या वेळी अक्षरं अशी लावलेली नव्हती, हे कसलं सोपं. दहा मिनिटं बसवलं तिला, मग गप्प झाली.

खोडायचं एक गुपित. चुकीचं जोडाक्षर मागून बॅकस्पेसने खोडलं तर एकेक तुकडा जातो, क्षि असेल तर आधी वेलांटी, मग ष, मग मोडलेला पाय, मग क, चार वेळा. पण कर्सर अक्षराच्या आधी नेऊन डिलीट दाबलं की अख्खं अक्षर एका फटक्यात. नुसती मात्रा चुकली असेल तर बॅकस्पेस, अक्षरच चुकलं तर डिलीट. अख्खा शब्द उडवायचा तर कंट्रोल-बॅकस्पेस. आणि वर्डमध्ये शिफ्ट-एफ३ ने कॅपिटल-स्मॉल बदलतं ते मराठीवर दाबून बघितलं, ढिम्म. आपल्याकडे मोठं अक्षर छोटं अक्षर हा भेदभावच नाही.

रुपयाचं चिन्ह वहीत पावलोपावली लागतं. वर्डमध्ये इंग्रजीत २०बी९ टाईप करून आल्ट-एक्स दाबलं की ₹ होतं, पण त्यापेक्षा इंग्लिश इंडिया कीबोर्ड लावला असेल तर उजवा आल्ट आणि ४, झालं.

आता ती वेबसाईट. नाव घेत नाही, सरकारी आहे एवढंच. तारखेच्या चौकटीत टाईप करू देत नाही, कॅलेंडर उघडतं आणि त्यात टॅबने शिरताच येत नाही, माऊसच पाहिजे. एकदा अर्धा फॉर्म भरल्यावर वैतागून चुकून कंट्रोल-डब्ल्यू दाबलं, टॅब बंद. कंट्रोल-शिफ्ट-टीने टॅब परत आला, भरलेलं काही आलं नाही. तिथे मी हरणार होते पण शेवटी पळवाट सापडली, डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबलं की माऊस कीज चालू होतात, मग नंबरपॅडवरच्या ८, २, ४, ६ ने बाण सरकतो आणि ५ म्हणजे क्लिक. बाण गोगलगायीसारखा सरकतो, तारखेपर्यंत पोचायला चहा संपतो. काडी मारायची की नाही यावर घरात वाद आहे. नवरा म्हणतो बाण हलला म्हणजे माऊसच, मी म्हणते हात कीबोर्डवरून उठला नाही. तूर्त अर्धी काडी मारतेय.

पुढच्या आठवड्यात वहीतले तक्ते वर्डमध्ये घ्यायचेत, ऊस, पाणी, मजुरी, तीन रकाने. तक्त्यात टॅब दाबलं की पुढच्या रकान्यात जातं, पण रकान्याच्या आत टॅब हवा असेल तर कंट्रोल-टॅब, इथपर्यंत आलेय. रकाने कमी-जास्त रुंद करायला मात्र अजून टचपॅडकडे हात जातो, कुणाला बिनमाऊसची वाट माहीत असेल तर सांगा, तोवर तिथल्या काड्या मोजत बसते.