क्रॉइकच्या खिडकीवरचे रॉस

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसहून उत्तरेला जाणाऱ्या रेल्वेने आर्डगेला उतरलो आणि टॅक्सीने क्रॉइकला निघालो. कॅरन नदीच्या काठाने सोळा-एक किलोमीटरचा अरुंद रस्ता. समोरून गाडी आली की कोणी तरी कडेला थांबायचं. दोन्ही अंगांना डोंगर, मेंढ्या आणि क्वचित एखादं घर. माणसं इतकी कमी का, याचं उत्तर क्रॉइकच्या चर्चपाशी मिळालं.

१८४५च्या मे महिन्यात शेजारच्या ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातली अठरा कुटुंबं जमीनदाराच्या कारभाऱ्याने हुसकून लावली. त्यांचा खंड थकलेला नव्हता. जमीन मेंढ्यांसाठी हवी होती, बस. ऐंशीच्या वर माणसं, त्यांत म्हातारी आणि तान्ही मुलंही, चर्चच्या आवारात थडग्यांच्या मध्ये कापडं-घोंगड्या ताणून राहिली. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार आला, म्हणून जगाला हे कळलं.

पूर्वेच्या खिडकीला शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचा आहेत. त्यांवर, बाहेरच्या बाजूने, या लोकांनी अक्षरं कोरली: ग्लेनकॅल्व्हीचे लोक २४ मे १८४५ रोजी इथे आवारात होते. दुसरीकडे, ‘ग्लेनकॅल्व्हीचे लोक, दुष्ट पिढी’. घर गेलं ते आपल्याच पापाचं फळ, असं त्यांना वाटत होतं, असा याचा अर्थ लावतात. ते वाचून मला फार राग आला. पाप कुणाचं आणि शिक्षा कुणाला!

आणखी एका काचेवर आहेत ‘ग्लेनकॅल्व्हीचे रॉस’. रॉस हे आडनाव मुळात या मुलखाचंच नाव. त्याच मुलखात या रॉस मंडळींना राहायला जागा उरली नाही.

आवारात कॅनडाहून आलेल्या एक बाई भेटल्या. आडनाव रॉस. पणजोबांच्या मागचं त्यांना काही सापडत नव्हतं. जन्म-मृत्यूची सक्तीची सरकारी नोंद स्कॉटलंडमध्ये १८५५ला सुरू झाली. त्याआधीच्या चर्चच्या वह्यांत जॉन रॉस इतके, की आपला कोणता ते ठरत नाही, असं त्या म्हणाल्या. गावात अशा सारख्या नावाच्या माणसांना गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतली, टोपणनावं असत, बापा-आज्याच्या नावानेही हाक मारत. कारकुनाच्या वहीत त्यांतलं फारसं उतरलंच नाही. गाव उठलं, तशी ती नावंही गेली.

स्कॉटलंडला जाणार असाल तर लॉक नेस सरोवराचा एक दिवस कमी करा आणि इथे या. अक्षरं बारीक आहेत, भरपूर उजेड असताना पोहोचा. आणि चर्चच्या आत जाण्याआधी बाहेरून वळसा घालून पूर्वेच्या खिडकीशी जा.