दोघींची आत्या एकच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर लग्नकार्यात हा प्रश्न निघाला की मी हल्ली जिलेबीच्या ताटाकडे वळते. "दोघी जुळ्या, दिसायला हुबेहूब, एका घरात वाढलेल्या, मग स्वभावात एवढं अंतर कसं?"

अंतर आहे खरं. मुली आता १७ वर्षांच्या आहेत. थोरली नऊ मिनिटांनी थोरली. तिला सांगली स्टँडवर दहा मिनिटं उभी करा, कंडक्टरच्या मुलीचं लग्न कुठं ठरलंय ते सांगेल. धाकटी तेवढ्यात फलाटावरचं वेळापत्रक पाठ करेल, आणि कुणी "बाळ, तासगावची गाडी कधी?" विचारलं तर उत्तर माहीत असूनही माझ्यामागे सरकेल.

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: एकीचे लाड जास्त केलेत का हो? म्हणजे खोट आईत. घरातलं उत्तर वेगळं. सासूबाई म्हणतात, "धाकटी आत्यावर गेलीया, मुखदुर्बळ." मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही. एकाच फलित अंड्याचे दोन भाग होऊन या दोघी झाल्या. धाकटी आत्यावर गेली असेल तर थोरलीही तेवढीच गेलीय, दोघींची आत्या एकच. हे पटवून दिल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग थोरलीची जीभ कुणाची?" आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

रक्त नाही म्हटलं की माणसं लगेच वळणावर, म्हणजे संगत-संस्कारांवर येतात. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. माझ्याकडे ढवळ्या-पवळ्या एकाच वाणाचे, १७ वर्षं एकाच दावणीला, आणि तरी एकाचा गुण दुसऱ्याला लागेना!

२०१३ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग मी वर्गात सांगते. जनुकांनी एकसारखे ४० उंदीर, एकच मोठा मजल्यामजल्यांचा पिंजरा, सगळ्यांना तेच खाणं. तीन महिन्यांत काही उंदीर कानाकोपरा धुंडाळणारे झाले, काही एका जागी रमले. सुरुवातीचे बारीक फरक दिवसेंदिवस रुंदावत गेले, आणि जे जास्त हिंडले त्यांच्या मेंदूच्या एका भागात नव्या पेशीही जास्त आढळल्या. पिंजरा एक होता, पण प्रत्येकानं तो आपापल्या परीनं वापरला. घराचंही तसंच असावं. थोरली पहिल्यांदा शेजारी गेली, तिला लाडू मिळाला, ती पुन्हा गेली. धाकटीच्या वेळी शेजारचं कुत्रं सुटलेलं होतं. एवढ्याशानं स्वभाव ठरतो असं मी म्हणणार नाही, पण अशा कितीतरी गोष्टी आईच्या नजरेआड घडतात आणि साठत जातात.

सुशिक्षित लोक पुढे टक्के विचारतात. जनुकं किती, परिस्थिती किती? आकडा आहे. २०१५ साली आधीच्या पन्नास वर्षांतल्या जुळ्यांवरच्या २,७४८ संशोधन निबंधांची एकत्र गोळाबेरीज झाली. सगळ्या गुणधर्मांची सरासरी काढली तर आनुवंशिकतेचा वाटा ४९ टक्के निघाला. हे ऐकून एक पालक म्हणाले, "म्हणजे पोराचा राग निम्मा माझा, निम्मा शाळेचा." तसं नाही हो. हा आकडा एका माणसाच्या आतली वाटणी सांगत नाही, माणसामाणसांतल्या फरकाबद्दल बोलतो.

यासाठी आमच्या मणेराजुरीच्या बागेत या. द्राक्षबाग कुणी बी पेरून करत नाही. मुळांसाठी लावलेल्या डॉगरिज वेलाच्या खुंटावर थॉम्पसन द्राक्षाच्या काडीचं कलम बांधतात, म्हणजे बागेतलं प्रत्येक झाड शेजारच्याचं जुळंच. तरी माळाकडच्या ओळीत ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, २० लागतो आणि ओढ्याकडं १७ वर अडतो. हा फरक कशाचा? माती, पाणी, ऊन. वाणाचा वाटा शून्य, कारण वाण सगळीकडं एकच. मग वाण बिनकामाचा झाला का? तिथं बाभळ लावून बघा, किती ब्रिक्स मिळतो ते! आणि शेजारच्यांसारखी चार वाणं एकाच जमिनीत, एकाच पाण्यावर लावली की फरकाचं बहुतेक श्रेय वाणाकडं जातं. द्राक्ष पिकतं त्याच रीतीनं, टक्के मात्र बदलले. पोराचा राग किती टक्के बापाचा, याला उत्तर नाही ते यामुळे.

रक्तावर बोट ठेवण्याची सवय गमतीची वाटते तोवर ठीक. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून आख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला आणि देशभरातून थेट १९५२ साली रद्द झाला. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर त्यातल्याच पारध्यांच्या पालाकडं जाते. कोणी "खाण तशी माती" म्हणालं की मला जिलेबीही गोड लागत नाही.

असो. वातावरण म्हणजे संस्कार, शाळा, मोबाईल असं आपण धरून चालतो. ते त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. माझ्या पोटात या दोघींची वार, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारा अवयव, एकच होती, आणि अशी वार दोघींत निम्मीनिम्मी वाटली जातेच असं नाही. थोरली २ किलो ३०० ग्रॅमची जन्मली, धाकटी १ किलो ७०० ची. धाकटी अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. जग बघायच्या आधीच दोघींचं जग वेगळं झालेलं.

द्राक्षातही तेच. घड दिसतात ऑक्टोबर छाटणीनंतर, पण ते धरलेले असतात एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे मिटलेल्या कोंबाच्या आत. तेव्हा आभाळ दाटून राहिलं किंवा काडी पानांखाली सावलीत दबली, की घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलाला आधार धरणारा तंतू निघतो. म्हणून सप्टेंबरात काडी तपासायची. यंदा मामंजींनी एकाच झाडाच्या दोन काड्या आणल्या. धाकटीनं ब्लेडनं डोळे उभे चिरून भिंगाखाली धरले. तिचा हात कधी हलत नाही. पहिल्या काडीत बारक्या पिठाच्या गोळ्या रचाव्यात तसा घड होता. दुसरीत नुसता दुबेळका तंतू.

"ही सावलीतली," मामंजी म्हणाले.

धाकटी भिंगावरून डोळा न काढता म्हणाली, "आई, मग आमच्यात सावलीत कोण होतं?"

"तू," थोरली म्हणाली. "नऊ महिने मी तुझ्या उन्हात उभी होते. आता सरक, मला बघू दे."

धाकटी सरकली नाही.