टोमॅटो, पाव आणि लिटरभर वाइन

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या सुपरमार्केटात वाइनला दोन दर्जे असतात. नजरेच्या उंचीवर, पिवळसर दिव्यांखाली बाटल्या उभ्या; लेबलावर कुठे घोडा, कुठे किल्ला, कुठे कुणा सरदाराची सही. आणि सगळ्यात खाली, गुडघे असलेल्यांनीच वाकावं अशा जागी, लिटरलिटरची पुठ्ठ्याची खोकी. तांबडी, पांढरी, गुलाबी. वरचं प्लास्टिक अर्धं फाडलेलं, ज्याला हवं त्याने ओढून न्यावं. किंमत सव्वा युरोच्या आसपास. म्हणजे शंभर-सव्वाशे रुपयांत लिटरभर वाइन. बाजूला पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, पलीकडे टोमॅटोची प्युरी.

लेक तिथे नोकरीला, म्हणून आम्ही दोघं उन्हाळाभर तिच्याकडे होतो. स्वयंपाकघर हिने ताब्यात घेतलं आणि बाजारहाट माझ्या गळ्यात पडला. मला तो आवडतोही. परक्या गावात देवळं-म्युझियमं सगळेच बघतात. पण लोक कशासाठी रांग लावतात आणि कशापाशी थबकून किंमत बघतात, ते किराणा दुकानात कळतं.

पहिलं खोकं घरी आलं तेव्हा हिने ते दोन बोटांत धरून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"अहो, हे काय आणलंत? ज्यूस का?"

"वाइन आहे."

"खोक्यात?"

त्या "खोक्यात?"मध्ये सगळं आलं. तिने वाइनवर आक्षेप घेतलाच नव्हता. आम्ही नाशिकचे. पाहुणे आले की पंचवटी, त्र्यंबकेश्वर आणि वायनरी या क्रमाने फिरवायची आमच्याकडे आता रीतच आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला जायचं, टेस्टिंगचे पैसे भरायचे, मग एक तरुण मुलगी ग्लास कसा धरायचा, कसा गोल फिरवायचा ते शिकवते आणि विचारते, "पेरूचा वास येतोय?" सगळे एका सुरात हो म्हणतात. ज्याला येत नाही तो जरा जोरात हो म्हणतो. मग मावळतीकडे तोंड करून फोटो. या सगळ्या सोहळ्यात पुठ्ठ्याचं खोकं बसत नाही हे मलाही मान्य आहे.

पण स्वस्ताईचं कोडं मला सुटेना. सव्वा युरोत शेतकरी, कारखाना, पुठ्ठेवाला, ट्रकवाला, दुकानदार आणि सरकार एवढ्यांचं भागतं कसं? चौकशी करत गेलो तेव्हा पहिला धक्का सरकारनेच दिला. स्पेनमध्ये साध्या वाइनवर उत्पादन शुल्क शून्य. व्हॅट 21 टक्के, तो जावयाने घेतलेल्या टीव्हीवरही तेवढाच. आमच्याकडे दारू म्हटलं की राज्याच्या तिजोरीचे डोळे चमकतात; तिथे वाइनला बहुधा शेतमालाच्याच रांगेत उभं केलंय.

दुसरं कारण जमीन. द्राक्षवेलींखालचं क्षेत्र जगात सगळ्यात जास्त स्पेनमध्ये आहे, नऊ लाख हेक्टरच्या घरात. त्यातला मोठा तुकडा माद्रिदच्या दक्षिणेला ला मांचाच्या पठारावर. आगगाडीतून जाताना खिडकीबाहेर तासभर तेच ते दिसतं: तांबूस-पांढुरकी माती आणि त्यात गुडघाभर उंचीच्या, मांडव नसलेल्या, एकेकट्या बुंध्याच्या वेली. आमच्या दिंडोरीचा द्राक्षबागायतदार ती बाग बघून म्हणेल, लावलीये की टाकून दिलीये? तिथली आयरेन नावाची पांढरी जात दुष्काळाला दाद देत नाही, म्हणून शतकानुशतकं टिकली. 1996 पर्यंत स्पेनमध्ये द्राक्षमळ्यांना पाणी द्यायलाच सर्वसाधारण बंदी होती. ती उठली, ठिबक आलं, तारांवर चढवलेल्या वेलीही आल्या आणि उत्पादन वाढलं. इकडे स्पॅनिश माणूस मात्र आजोबांच्या मानाने निम्मीसुद्धा वाइन पीत नाही, बिअर पितो. उरलेली जायची कुठे? टँकरमध्ये. टँकरने फ्रान्सला, जर्मनीला, तिथल्या कारखान्यांना ठोक भावात.

फ्रेंच शेतकऱ्यांना हा भाव सहन होत नाही. एप्रिल 2016 मध्ये सरहद्दीजवळ ल बुलू या गावी त्यांनी स्पॅनिश टँकर अडवले आणि हजारो लिटर वाइन रस्त्यावर सोडून दिली. त्याची छायाचित्रं पाहिली तेव्हा आपल्याकडची दूध आंदोलनं डोळ्यांसमोर आली. पांढऱ्याच्या जागी लाल, एवढाच फरक. भाव पाडणारा आणि भावाने मरणारा दोघंही शेतकरीच, आणि मधल्यामध्ये माझं सव्वा युरोचं खोकं. स्वस्त वस्तू हातात घेताना हा विचार मनात येतो, पण ती परत ठेवावी इतका टिकत नाही, हे आपलं सांगून टाकतो.

तिसरं कारण खुद्द खोकंच. वाइनची रिकामी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि तिच्यात पाऊण लिटर मावतं. लिटरचं पुठ्ठ्याचं खोकं चाळीस ग्रॅमच्या आत. बाटली गोल, म्हणजे पेटीत दोन बाटल्यांमध्ये हवा वाहून न्यायची; खोकी विटेला वीट लावावी तशी बसतात. पुठ्ठा, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा पातळ पदर ही सगळी किमया स्वीडनच्या टेट्रा पॅकची. त्यांचं चौकोनी ब्रिक 1963 मध्ये आलं ते दुधासाठी. मुर्सिया प्रांतातल्या हुमिया गावच्या गार्सिया कारियोन घराण्याने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यात वाइन भरली. हे घराणं 1890 पासूनचं; तेव्हा फ्रान्सच्या बागा फायलोक्सेरा किडीने खाल्ल्या होत्या आणि वाइन हवी होती, म्हणून यांचा धंदा उभा राहिला. त्यांच्या डॉन सिमोन या नावाने आज वाइन मिळते, संत्र्याचा रस मिळतो, फळं घातलेल्या वाइनची सांग्रिया मिळते, गास्पाचो नावाचं टोमॅटोचं गार सूपसुद्धा मिळतं, आणि खोकी सगळी भावंडांसारखी. स्वयंपाकासाठी म्हणून पाव लिटरहून लहान अशी तीन-तीन खोकीही एकत्र बांधून मिळतात. ती पाहून हिला लेकीच्या शाळेच्या सहलीतली फ्रुटी आठवली.

आता चव. खोटं कशाला बोलू? तांबडी पातळ, जराशी आंबट, मागे द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा. पेरू नाही, चेरी नाही, ओक लाकूड तर नाहीच. कोमट प्यायली तर तोंड वाकडं होतं. फ्रिजमधून काढून प्यायली तर तक्रारीला जागा राहत नाही. पांढरी शिंपल्यांच्या रश्श्याला उत्तम. गुलाबीबद्दल हिचं मत चांगलं आहे, माझं नाही.

ओतायचीही एक युक्ती आहे. झाकण खालच्या बाजूला येईल असं खोकं वाकवलं, की गटक-गटक करत वाइन उसळते आणि टेबलक्लॉथवर लाल शिंतोडे. तोंड वरच्या बाजूला राहील असं खोकं आडवं धरायचं आणि हळूच झुकवायचं. म्हणजे मागून हवा शिरते आणि पुढून एकसंध धार पडते. हे मला दाखवलं ते खालच्या मजल्यावरच्या आजींनी. ऐंशीच्या पुढच्या. दोन चाकांची कापडी ढकलगाडी घेऊन बाजाराला येतात. गाडीत पाव, बोकेरोन नावाची छोटी मासळी, टोमॅटो, कपड्यांचा साबण आणि एक खोकं. पट्ट्यावर सगळं एकापाठोपाठ एक सरकतं. काउंटरवरची मुलगी साबणाला जेवढं बघते तेवढंच वाइनला. आमच्याकडे बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, इकडेतिकडे बघत हातात देतात. ती काळी पिशवी लांबून अर्ध्या गल्लीला ओळखू येते ही गोष्ट वेगळी.

27 जानेवारी 2022 ला आपल्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांत, वेगळ्या कपाटात वाइन ठेवायला मंजुरी दिली होती. द्राक्षबागायतदाराचा फायदा, असं कारण सांगितलं होतं. त्यावर केवढा गदारोळ! अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र केलं, हरकती मागवल्या गेल्या, पुढे सरकारच बदललं आणि कपाट काही दुकानात आलं नाही. मी तेव्हा दोन्ही बाजूंचं ऐकून गोंधळलो होतो. आजींची गाडी बघितल्यावर वाटलं, वाइन किराण्यात आणणं सरकारी निर्णयाने जमेल, पण किराण्यासारखी पिणं कुणाच्या निर्णयाने जमणार? आजी दुपारच्या जेवणाला अर्धा पेला घेतात, वर तितकाच गोड सोडा ओततात आणि झाकण लावून टाकतात. पुठ्ठ्यातली दारू आपल्या शेजारी कर्नाटकातही आहे: नव्वद मिलीची, व्हिस्कीची पुडकी. रस्त्याच्या कडेला चेपलेली दिसतात. तिच्यावर कुणी झाकण लावत नाही. ती एका दमात संपावी अशाच मापाने केलेली असते.

स्पेनमध्ये सगळे आजींसारखेच असतात असंही नाही. तिथली पोरं शनिवारी रात्री मैदानात जमून 'बोतेयोन' करतात. हीच खोकी, मोठ्या प्लास्टिकच्या ग्लासात बर्फ आणि निम्मं कोला. त्याला कालिमोचो म्हणतात. 1972 मध्ये बास्क किनाऱ्यावरच्या गेचोत जत्रेसाठी आणलेली वाइन बिघडली होती, ती खपवायला कोला मिसळलं आणि नाव तिथेच पडलं, असं सांगतात. बिघडलेल्या मालातून राष्ट्रीय पेय निघालं, हे मला फार आवडलं. माद्रिदमध्ये तर या प्रकाराला आळा घालायला रात्री दहानंतर दुकानातून दारू विकायला बंदी आहे. आम्ही घरी त्याचं सौम्य भावंड करायचो, तिंतो दे वेरानो: तांबडी अर्धी, गासेओसा म्हणजे आजींचा तो गोड सोडा अर्धा, बर्फ, लिंबाची चकती. चाळीस अंशांत बटाटेवड्याबरोबर ते जसं जातं तसं नाशिकच्या टेस्टिंग रूममधलं काही जाणार नाही. हे वाक्य मी नाशिकला परतल्यावर बोलणार नाही.

आणि गंमत म्हणजे खोक्याची लाज स्पॅनिशांनाही आहे. लेकीच्या ऑफिसातलं एक जोडपं जेवायला आलं, तेव्हा तिने माझं खोकं फ्रिजच्या मागच्या कप्प्यात सरकवलं. "बाबा, पाहुण्यांसमोर कार्टन ठेवत नाहीत." मग बाटली निघाली. पाहुणे तिला छान म्हणाले. त्यांच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर खोकं असतं हे लेकीला माहीत होतं, आणि आपल्याकडेही असणार हे त्यांनाही माहीत असावं.

परतायची वेळ आली तसा नाशिकहून मेव्हण्याचा फोन. भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे दोन खोकी नेमकी बसतात, वजन नाही, फुटायची भीती नाही. मी हिशेब मांडून दाखवला.

"दाजी," तो म्हणाला, "खोकं काढलं तर लोक म्हणतील तुम्ही तिथून ताक आणलं. बाटली आणा. बुचाची."

मग वरच्या फळीकडे गेलो. तिथे काही बाटल्यांवर सोनेरी तारेची जाळी असते. एकोणिसाव्या शतकात मार्केस दे रिस्कालने ती बसवली, कुणी रिकाम्या बाटलीत हलकी वाइन भरून त्यांच्या नावाने विकू नये म्हणून. आता ती नुसती शोभेला, आणि तीन-साडेतीन युरोच्या बाटलीवरही मिळते. तसलीच एक उचलली. मेव्हण्याने जाळी ठेवलीये काढून, शोकेसमध्ये. वाइन कशी होती ते त्याने अजून सांगितलेलं नाही.