घोडीवरचा उंचवटा

पुण्यात शिकणाऱ्या एका अफगाण मुलाचा रबाब (सरोदसारखं अफगाणी तंतुवाद्य) जुलैमध्ये आमच्या मिरजेच्या वाद्यदुरुस्तीच्या बाकावर आला. तक्रारी दोन होत्या: आवाज बसलाय, आणि ‘परंदकारी’, म्हणजे वाजवताना मधूनमधून टिपेची एक तार छेडण्याची लकब, निघत नाही. पहिलीचं कारण बोट दाबताच कळलं. बकऱ्याचं चामडं पावसाळी हवेत सैल पडलं होतं. त्यामुळे त्यावर टेकलेली घोडी (तारा पेलणारी पट्टी) दबली आणि तारा दांडीला टेकू लागल्या. दुसरीसाठी मात्र उस्ताद मोहम्मद उमर लावून ऐकावे लागले.

हे उस्ताद काबूलच्या खराबात या वादकांच्या मोहल्ल्यातले. १९७४ साली ते सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवत होते, आणि तिथल्या मैफलीत तबल्यावर आपले झाकीर हुसेन होते. ते ध्वनिमुद्रण मिळतं. मुख्य तारांवर गत (तालात बांधलेली धून) चालू असते आणि मधल्या प्रत्येक फटीत एक टिपेची तार ठिणगीसारखी उडत राहते. सरोदला सरावलेल्या कानाला ती चिकारी, म्हणजे मधूनमधून छेडायची बाजूची तार, वाटते. पण ती तरफेची, म्हणजे एरवी नुसती गुंजणारी, तार आहे!

रबाबाच्या तरफा घोडीच्या अंगातल्या भोकांतून जातात, म्हणजे मुख्य तारांच्या खालून. त्या आपोआप गुंजतात, जवा (तारा छेडायची नखी) त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यातली सगळ्यांत आखूड तेवढी घोडीवरच्या एका छोट्या उंचवट्यावरून नेतात, म्हणून ती एकटी छेडता येते. समोरच्या घोडीला तो उंचवटाच नव्हता. आधीच्या दुरुस्तीत तो कानशीने घासून सपाट केलेला दिसत होता. केवढ्याशा हाडासोबत उस्तादांची अख्खी लय निघून गेली होती!

आधी चामडं बदललं. नवं चामडं रात्रभर पाण्यात ठेवलं, तुतीच्या खोडाच्या कडेला सरस लावून ते बसवलं आणि दोरीने आवळलं. इथे फार ताणायचं नाही. वाळताना ते आणखी आकसतं, आणि आधीच ताणलेलं असेल तर कडेला फाटतं. तीन दिवस सावलीत ठेवलं. पावसाळ्यात याहून घाई केली की सरस सुटतो.

मग घोडीवर हाडाचा तुकडा चिकटवला. सुरुवातीला ३ मिमी उंच ठेवला, तर शेजारची तार वाजवताना जवा त्यात अडकू लागला. तार चढवायची, वाजवून बघायची, उतरवून पुन्हा घासायचं, असं करत २ मिमीच्या जरा खाली तो जमला. आणखी घासला असता तर तार पुन्हा हाताबाहेर गेली असती. खाच तारेपुरतीच ठेवली. रुंद खाचेत तार झणझणते.

नव्या चामड्यावर सगळा ताण एकदम दिला की घोडी रुतते. म्हणून दोन दिवस तारा अर्ध्या सुरावर ठेवल्या. मग मुख्य तारा लावल्या आणि शेवटी ती आखूड तरफ टिपेच्या षड्जाला. मुलाने सावकाश एक गत धरली. तिसऱ्या आवर्तनाला जवा उलटा फिरला आणि स्वरांच्या मधून ती ठिणगी उडाली.