आमची वाटचाल: काळा थर आणि भाजलेलं बोट

आमचं दुकान मुळात ऑटो इलेक्ट्रिकचं. आप्पांनी जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला टपरी टाकली तेव्हा काम म्हणजे सेल्फ, डायनॅमो, हॉर्न आणि ट्रॅक्टरचे हॅलोजन. 55 वॅटचा हॅलोजन बॅटरी खायचा, पण बिचारा उन्हाळ्याला घाबरत नव्हता. त्याची उष्णता बरीचशी काचेतून समोर निघून जायची. एलईडी आली आणि हिशेबच उलटा झाला. तिच्या उजेडात ऊब जवळजवळ नसते. दिलेल्या विजेतला ढोबळ तिसरा हिस्सा उजेड होतो, बाकीचा ताप चिपच्या पाठीमागे साठतो. तो मागून काढला नाही तर उजेड मंदावतो आणि चिपचं आयुष्य घटतं.

बाजारातले तयार एलईडी फोकस आम्ही दोन सीझन विकले. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या घरात जातो, त्यामुळे दिवसा ट्रॅक्टर चालवणं जिवावर येतं. नांगरट, रोटाव्हेटर सगळं रात्री. म्हणजे दिवा सलग सहा-सात तास चालू, गाडीचा वेग माणसाच्या चालीचा, वारा नाही. अमळनेरकडचे एक दादा बंद पडलेला फोकस काउंटरवर ठेवून एवढंच म्हणाले, "भाऊ, तुना दिवा ते मरी गया." उघडून पाहिला तर आत पत्र्याएवढं पातळ ॲल्युमिनियम आणि थर्मल पेस्ट, म्हणजे चिपचा ताप ॲल्युमिनियमकडे नेणारा लेप, नावाला, मोहरीएवढी. विकणारे आम्ही, म्हणून तोंड आमचं काळं. त्या पावसाळ्यात ठरवलं, फोकस आपणच बनवायचा.

6063 ग्रेडचा फिनवाला (फिन म्हणजे ताप बाहेर सोडणाऱ्या पातळ उभ्या पट्ट्या) ॲल्युमिनियमचा सेक्शन मुंबईहून मागवला, इथे कापला, भोकं पाडली, 20 वॅटचा दिवा तयार केला. नुसतं पांढरं ॲल्युमिनियम गिऱ्हाइकाला कच्चा माल वाटतं, म्हणून दिसण्यासाठी काळं पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी फवारून भट्टीत भाजलेला रंग, करून घेतलं. पहिले पन्नास नग मंद व्हायला लागले तेव्हा कारण सापडायला महिना गेला. पावडरवाल्याने सगळीकडे रंग मारला होता, पीसीबी, म्हणजे चिप जोडलेली पट्टी, बसते त्या बैठकीवरसुद्धा. पावडरचा थर म्हणजे प्लास्टिकच, 60-80 मायक्रॉनचा. फिनवर ताप मोठ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो, तिथे या थराचा अडथळा अर्ध्या अंशाचाही नाही. पण बैठकीच्या चार चौरस सेंटिमीटरमधून सगळाच ताप जायचा, तिथे हाच थर हिशेबाने दहा-बारा अंश खातो. तेव्हापासून बैठक टेपने झाकून मगच नग भट्टीला जातो. टेप लावायचं काम बायको आणि चुलत वहिनी करतात, आणि या दोघींच्या हातून आजवर एक नग सुटलेला नाही.

मग एवढी फजिती झाल्यावर रंग टाकायचाच कशाला, असं वाटून मी तुलना करायला बसलो. तापमान मोजायची गन आणली. एक दिवा बिनरंगाचा, एक काळा. तासाभराने गन दाखवते: बिनरंगाचा 48, काळा 81. मी खूश! रंग म्हणजे दिव्याला घातलेली गोधडी, असं जाहीर करून टाकलं आणि 48 वाला दिवा उचलायला हात घातला. बोटाला टरकन फोड आला. 48 अंशांना फोड येत नाही, एवढं शहाणपण भाजलेल्या बोटाला लगेच येतं.

उलगडा केला पॉलिटेक्निकला शिकवणाऱ्या एका सरांनी. ते बुलेटचा हॉर्न बदलायला आले होते. गन तापमान मोजत नाही, वस्तूतून निघणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे किरण, मोजते. चकचकीत ॲल्युमिनियम हे किरण सोडण्यात कमालीचं कंजूष: आदर्श काळ्या वस्तूच्या पाच-दहा टक्के. थर्मासच्या आत चकचकीत मुलामा देतात तो याचसाठी. रंगवलेला पृष्ठभाग नव्वद टक्क्यांपर्यंत सोडतो. सरांनी बिनरंगाच्या दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, पाच मिनिटं थांबले आणि टेपवर गन धरली. 91! म्हणजे गोधडी पांघरून बसला होता तो बिनरंगाचा, काळा दहा अंशांनी थंड होता. मल्टिमीटरची थर्मोकपल, म्हणजे टेकवून तापमान मोजणारी, वायर लावूनही तोच आकडा.

हिशेब मग आम्ही कागदावर मांडला. पृष्ठभाग 80 अंश आणि भोवताल 45 असेल तर दर 100 चौरस सेंटिमीटरमागे चकचकीत ॲल्युमिनियम किरणांवाटे जेमतेम 0.15 वॅट सोडतं, रंगवलेलं 2.7 वॅटच्या आसपास. वारा नसताना ही रक्कम मोठी आहे. टेबलफॅन लावून पाहिलं तर दोन दिव्यांतला फरक एक-दीड अंशावर आला, कारण मग सगळं काम वाराच करतो. म्हणून मोटारसायकलवाला विचारतो तेव्हा आम्ही सांगतो, तुमच्या पळत्या गाडीला कोटिंगचा फायदा थोडाच. मळणी यंत्रावर, उभ्या ट्रॅक्टरवर, सावदा-रावेरकडे रात्री केळी भरताना उभ्या असलेल्या ट्रकवर तो खरा. असं बोलून काही गिऱ्हाइकं गेली. गेली तर गेली.

फिनही कमी केल्या. दाट फिन समोरासमोर असल्या की एकीने किरणांवाटे सोडलेली उष्णता दुसरी घेते. बाहेर जाते ती वरच्या कडांची. शिवाय मळणीचा भुसा दाट फिनमध्ये असा बसतो की कुंचल्यानेही निघत नाही. आता आठ मिलिमीटरची फट ठेवतो.

मधल्या काळात एक जण 'नॅनो' कोटिंग विकायला आला, साध्या पावडरच्या सातपट भाव. दहा नग करून मोजले. साध्या मॅट काळ्यापेक्षा फरक सापडला नाही. सापडणार कुठून? साधी पावडरच नव्वदवर आहे, वर जागा उरते दहाची.

रंगाची गंमत सांगायलाच हवी. अवरक्त किरणांना पांढरा रंगही जवळपास काळ्याइतकाच चालतो, आणि दिवसभर उन्हात उभ्या ट्रॅक्टरवर पांढरा कमी तापतो. आम्ही पंचवीस नग पांढरे केले. एका काकांनी हातात घेऊन विचारलं, "फ्रीज फोडला का रे?" त्यातले अठरा अजून माळ्यावर आहेत. शेवटी राखाडीवर तडजोड झाली.

सध्या डोकेदुखी पावसाळ्याची आहे. तापलेला दिवा पावसात बंद केला की आतली हवा आकसते आणि वायरच्या भोकातून ओल आत ओढते. सकाळी काचेला आतून दव. वायरच्या भोकातलं रबरी कडं (ग्रोमेट) बदलून पाहिलं, सिलिकॉन भरून पाहिलं. गेल्या आठवड्यापासून मागच्या बाजूला हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी बारीक जाळी बसवलेले सहा दिवे यावलच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर लावले आहेत. परवा फोन आला होता: चारांना दव नाही, दोनांना आहे.